पाट एक, पेट्या दोन

सायकलच्या कॅरिअरवर घरच्या घरी बसवता येणारी मासळीची आणि आंब्याची पेटी

पहाटे मिरकरवाडा बंदरात मासळी उतरू लागली की धक्क्याबाहेर वाहनांची गर्दी होते. बर्फाच्या गाड्या, टेम्पो, रिक्षा, मोटारसायकली आणि त्यांच्या आडोशाला टेकून उभ्या केलेल्या सायकली. टेम्पोतला माल घाट चढून वर जातो. पण पाच-सात किलोमीटर आतल्या वाडीवर ज्या घरात दुपारी बांगड्याचे कालवण होते, तिथे तो बांगडा अनेकदा दोन चाकांवरूनच आलेला असतो. भोंगा वाजला की वहिनी ताट घेऊन पडवीत येतात, पहिला प्रश्न ठरलेला, “ताजा आहे ना रे?”

त्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या तोंडात नसते, कॅरिअरवरच्या पेटीत असते. सकाळी सातला चकचकीत दिसणारा बांगडा उघड्या क्रेटमध्ये दहा वाजेपर्यंत डोळे टाकतो, कल्ले काळवंडतात आणि भाव निम्म्यावर येतो. अकराला तो कसातरी खपवायचा किंवा फेकायचा. दहा किलो मालात शेवटचे तीन किलोच दिवसाचा नफा असतात. ते गेले की माणूस दिवसभर फुकट पेडल मारून घरी येतो.

तीच गत आंब्याची. दोन-चार कलमांचा धनी टेम्पो करू शकत नाही. तो सायकलवरूनच नाक्यापर्यंत किंवा एस.टी. स्टँडपर्यंत माल आणतो. बाग राखली, फवारण्या केल्या, झेल्याने अलगद उतरवले आणि शेवटच्या चार किलोमीटरमध्ये फळ दबले तर वर्षाची मेहनत मातीमोल होते.

या दोन्ही कामांसाठी चांगली पेटी घरच्या घरी बनवता येते. सुताराची फार मोठी हत्यारे लागत नाहीत. करवत, हातोडी, ड्रिल किंवा गिरमिट, पाना आणि थोडा धीर एवढे पुरते. मात्र सुरुवात पेटीपासून करायची नाही. सुरुवात करायची ती पेटी ज्यावर बसते त्या पाटापासून.

माझी फसलेली पेटी

हे शहाणपण मला चूक करून आले. घरच्या कलमांचे आंबे नाक्यावर न्यायचे होते. बाजारातून एक रिकामे लाकडी खोके आणले. ते लांबीच्या बाजूने कॅरिअरवर ठेवले आणि काथ्याने करकचून आवळले. वर पाच डझन हापूस, मध्ये पेंढा. सपाटीला सारे ठीक चालले. पऱ्ह्याच्या पुढे चढ लागला म्हणून खाली उतरलो आणि सायकल ढकलू लागलो, तसे पुढचे चाक घोड्यासारखे वर उठले. हँडल हातातून निसटले, खोके कलंडले आणि हापूस उताराला लागले. निम्मे जागीच फुटले. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी काळे डाग पडले.

मोडके खोके घेऊन वाडीतल्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, “पेटीला काय झालंय? पेटी चांगली होती. बसवलीस वाईट.”

त्यांचे म्हणणे खरे होते. आपल्याकडच्या उंच दांडीच्या साध्या सायकलला सीटची मागची कड जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावर येते. आस म्हणजे ज्यावर चाक फिरते तो कणा. त्यामुळे कॅरिअरवर ठेवलेले ओझे आपोआप आसाच्या मागे जाते. आपण सीटवर बसलेलो असतो तोवर आपले वजन पुढचे चाक खाली दाबून धरते. आपण उतरलो की तराजूचे एक पारडे रिकामे होते आणि ओझ्याचे पारडे खाली जाते. चढावर तर अधिकच. खोके लांबीने ठेवले की ओझ्याचा मध्य आणखी वीतभर मागे सरकतो. म्हणून पेटीची लांब बाजू आडवी आणि अरुंद बाजू सायकलच्या लांबीला, हा पहिला नियम.

पाट कसा करावा

पाटासाठी १२ मिलिमीटर जाडीचा वॉटरप्रूफ प्लायवूडचा तुकडा घ्यावा. घरी सागाची किंवा फणसाची जुनी फळी असेल तर तीही चालेल. माप ५० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब. रुंदी ५० पेक्षा जास्त करू नये. हँडल जिथून पार होते तिथून पेटीही पार झाली पाहिजे, नाहीतर बांधाच्या किंवा कुंपणाच्या कडेने जाताना ती अडकते आणि माणूस पडतो.

पाट बसवण्यापूर्वी कॅरिअरचा स्प्रिंगचा चाप काढून टाकावा. कॅरिअरचे पाय आसाजवळ जिथे नटाने आवळलेले असतात ते नट तपासावेत. बहुतेक कॅरिअर मोडतात ते इथेच. वेल्डिंगला चीर दिसली तर आधी ती भरून घ्यावी. परदेशात मिळणाऱ्या अनेक कॅरिअरवर २५ किलोची मर्यादा छापलेली असते. आपला जुना लोखंडी कॅरिअर त्याहून दणकट असतो, पण खड्ड्यात चाक आदळते तेव्हा २५ किलोचे ओझे क्षणभर त्याच्या दुपटीने दाबते हे विसरू नये.

आता पाट कॅरिअरवर ठेवून जेवढा पुढे सरकेल तेवढा सरकवावा. सीटवर बसल्यावर पाठीमागे चार बोटे जागा राहिली की पुरे. या जागी खूण करून कॅरिअरच्या दांड्यांच्या दोन्ही बाजूंना भोके पाडावीत आणि चार यू-बोल्टनी पाट आवळावा. पाण्याच्या पाइपला भिंतीवर धरतात तसले हे यू-बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. प्रत्येक नटाखाली रुंद वॉशर आणि वर दुसरा नट घालावा. एकच नट असेल तर आपल्या जांभ्याच्या रस्त्यावर आठ दिवसांत सैल होतो. पाट आणि कॅरिअर यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घालाव्यात. दणके कमी बसतात आणि खडखड थांबते.

पाटाच्या चारही कोपऱ्यांना बाहेरच्या अंगाने लोखंडी एल-पट्ट्या अशा ठोकाव्यात की त्या पाटाच्या वर चार सेंटिमीटर उभ्या राहतील. पेटी या चार कोपऱ्यांच्या आत बसते आणि पुढेमागे, आजूबाजूला सरकत नाही. ती वर उडू नये म्हणून दोन्ही अंगांना एकेक कडी आणि वरून जुन्या ट्यूबचा एक पट्टा. दोरी मात्र नको. ती सैल पडते, आणि सुटते ती नेमकी उतारावर.

पाट असा पक्का झाला की त्यावर कुठलीही पेटी बसवता येते, अट एवढीच की तिचा तळ पाटाच्या मापाचा हवा. मासळीची पेटी काढली, आंब्याची ठेवली. दोन्ही नको तर रिकाम्या पाटावर खताची पिशवी. आणि पेटी सुटी असल्यामुळे तिला दोन मुठी लावल्या की ती उचलून एस.टी.त किंवा रिक्षातही नेता येते. ज्या बायका सायकल चालवत नाहीत त्यांनाही ही पेटी उपयोगी पडते ती यामुळे.

मासळीची पेटी

मासळीच्या पेटीचे काम एकच, बाहेरची ऊब आत येऊ न देणे. तिची उंची ३८ सेंटिमीटर ठेवावी. तळ १२ मिलिमीटर प्लायवूडचा, चार बाजू आणि झाकण ६ मिलिमीटरचे. आठ बाय चारच्या पत्र्यासारखा ६ मिलिमीटरचा अर्धा ताव घेतला तर बाजू आणि झाकण निघून तुकडा उरतो. आतल्या चार कोपऱ्यांना लाकडी रिपा उभ्या लावून त्यांना बाजू स्क्रूने जोडाव्यात. खिळे मारू नयेत. हादऱ्याने ते बाहेर येतात.

आतून सगळीकडे चार सेंटिमीटर जाडीचा थर्माकोल बसवावा. दोन सेंटिमीटरचे दोन थर घेतले आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत असे पाहिले तर फटी राहत नाहीत. एक खबरदारी घ्यावी. पंक्चरचे सोल्यूशन, ऑइलपेंट, फायबरचे रेझिन यांपैकी काहीही थर्माकोलला लागले की तो विरघळून जातो. त्यासाठी लाकडाचा पांढरा गोंदच वापरावा. ज्यांना होड्यांना करतात तसा आतून फायबरचा लेप हवा असेल त्यांनी थर्माकोलवर आधी पातळ प्लायवूड लावून मग कारागिराला बोलवावे.

लेप नको असेल तर जाड प्लास्टिकची ताडपत्री पुरते. ती कोपऱ्यांत कापू नये. कागदाचा द्रोण दुमडतो तशी घडी घालून कोपरा वर घ्यावा आणि कडा वरच्या काठावर पट्टीखाली दाबून टाकाव्यात. एकही सांधा पाण्याखाली येत नाही, म्हणून थर्माकोलमध्ये घाण पाणी मुरत नाही. साधा पत्रा आतून लावण्याचा मोह होतो, पण मासळीचे पाणी आणि खारी हवा त्याला एका हंगामात खातात.

तळाला मागच्या एका कोपऱ्यात बोटभर जाडीची प्लास्टिकची नळी आरपार बसवावी आणि तिला बूच लावावे. नळी आत शिरते तिथे ताडपत्रीला भोक पडतेच, तेवढी जागा वॉशर आणि सिलिकॉनने नीट बंद करावी. खालच्या पाटालाही त्याच जागी भोक हवे. तळाशी प्लास्टिकची जाळी दोन सेंटिमीटर उंचावर ठेवावी, म्हणजे वितळलेले पाणी जाळीखाली राहते आणि मासा त्यात पोहत नाही. पाण्यात पडून राहिलेला मासा बर्फ असूनही मऊ पडतो. नळीतले पाणी रस्त्यावर किंवा चेनवर सोडू नये. खाली एक लहान डबा अडकवावा आणि तो योग्य जागी रिकामा करावा. मासळीच्या पाण्याने रस्ता निसरडा होतो, चेन गंजते आणि मागे कुत्री लागतात ती वेगळीच.

झाकणाला आतून थर्माकोलचा असा तुकडा लावावा की तो पेटीच्या तोंडात बुचासारखा बसेल. झाकण दोन भागांत करून मध्ये बिजागरी लावली तर अधिक चांगले. गिऱ्हाइकाला मासा दाखवताना अर्धेच उघडते. थंड हवा जड असते, ती वरून उघडलेल्या पेटीत खालीच बसून राहते. बाजूने दार केले तर ती पाण्यासारखी वाहून जाते.

अशा पेटीत आत साधारण ३५ लिटर जागा मिळते. दहा किलो मासे आणि तेवढाच फोडलेला बर्फ आरामात मावतो. रिकामी पेटी सात किलोच्या आसपास भरते.

बर्फाचा हिशेब

उष्ण प्रदेशात जितकी मासळी तितका बर्फ, असे मत्स्यतज्ज्ञ सांगतात. दिवसभर माल ठेवायचा असेल किंवा पेटी साधी असेल तर हे प्रमाण पाळावेच. पण हा बर्फ जातो कुठे ते समजून घेतले तर पेटीचे महत्त्व कळते.

किनाऱ्यावरचा मासा २८ अंशांचा असेल तर असा दहा किलो मासा शून्य अंशावर आणायलाच सुमारे तीन किलो बर्फ वितळतो. हा खर्च टळत नाही. त्यानंतरचा बर्फ वितळतो तो बाहेरून येणाऱ्या उबेने. वर सांगितलेल्या पेटीत चार सेंटिमीटर थर्माकोलमधून पाच तासांत जी ऊब आत येते, ती किलो-दीड किलो बर्फ वितळवते. वीसेक वेळा झाकण उघडले त्यासाठी आणखी किलो-दीड किलो धरू. म्हणजे सहा-सात किलो बर्फात दुपारपर्यंतचे काम भागते. उघड्या क्रेटमध्ये, वर गोणपाट टाकून, हाच हिशेब पार कोलमडतो. तिथे विकत घेतलेला बहुतेक बर्फ आपण उन्हाला देत असतो, आणि तो रस्ताभर ओढायचे कष्टही आपलेच.

बर्फ बारीक फोडावा. मोठे खडे माशाला टोचतात आणि मध्ये फटी राहतात. तळाला बर्फ, मग मासे, मग बर्फ, असे थर द्यावेत आणि वरचा थर बर्फाचाच ठेवावा.

ही बाब फक्त भावाची नाही. बांगडा, तारली, कुपा या जातींचे मासे तासन्‌तास उबेत राहिले तर त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते खाल्ल्यास तोंड लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे, उलट्या असा त्रास होतो. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून किंवा तळून जात नाही. त्यावर उपाय एकच, मासा बंदरापासून बर्फात राहणे.

आंब्याची पेटी अगदी उलटी

मासळीच्या पेटीत हवा नको, आंब्याच्या पेटीत हवाच हवी. आंबा काढल्यावरही श्वास घेत असतो आणि त्यातून ऊब तयार होते. बंद पेटीत ती कोंडते आणि फळ आतून बिघडते. शिवाय मासळीचा वास लागलेल्या पेटीत हापूस ठेवण्यासारखे दुसरे पाप नाही. म्हणूनच पेटी वेगळी, पाट मात्र तोच.

ही पेटी रिपांची करावी. तळ ५० बाय ४० आणि उंची ३० सेंटिमीटर. बाजूंच्या रिपांमध्ये दीड-दीड सेंटिमीटर फट ठेवावी. रिपा आतल्या अंगाने रंध्याने किंवा पॉलिशपेपरने गुळगुळीत करून घ्याव्यात. एक कूस निघाली तरी सालीवर ओरखडा उठतो आणि तिथून फळ सडते.

मुख्य गोष्ट मधल्या फळीची. पेटीच्या अर्ध्या उंचीवर दोन्ही बाजूंना पट्टी ठोकून त्यावर रिपांचा एक सुटा ताट ठेवावा. वरच्या आंब्यांचा भार ताटावर येतो, खालच्या फळांवर येत नाही. एका थरात साधारण दोन डझन फळे मावतात, म्हणजे दोन थरांत चार डझन. सरासरी २५० ग्रॅमचे फळ धरले तर बारा किलो. खाली आणि मध्ये भाताचा कोरडा पेंढा घालावा. फळे एकमेकांना टेकलेली पण दाबलेली नसावीत. सैल ठेवली तर ती प्रत्येक खड्ड्यात एकमेकांवर आपटतात.

आंबा काढताना दोन-तीन सेंटिमीटर देठ राखावा. त्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला अनेकांच्या घरी आहेच. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतात. पेटी भरल्यावर उन्हात उभी करू नये. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर निघावे आणि पेटीवर ओले नव्हे, कोरडे पांढरे फडके टाकावे.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला त्यामुळे कायद्याचे नाव मिळाले. पण मानांकन दबलेल्या फळाला भाव देऊ शकत नाही.

दुसरीकडे काय करतात

सायकलवर ओझे नेण्याची विद्या आपल्याला नवी नाही. गोव्यात पहाटे आणि संध्याकाळी पोदेर पाव घेऊन फिरतो. त्याची मोठी टोपली सीटच्या मागे आडवी बांधलेली असते, वर कापड आणि प्लास्टिक, हँडलला भोंगा. पाव हलका म्हणून टोपली उंच आणि रुंद चालते. मुंबईचे डबेवाले सायकलला डबे टांगतात ते दोन्ही बाजूंना सारखे आणि शक्य तितके खाली. माल बदलला की मांडणी बदलते.

परदेशात एक वेगळीच सायकल आहे. तिच्यावर आरामखुर्चीत बसल्यासारखे मागे रेलून, पाय पुढे ताणून पेडल मारायचे. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर या फ्रेंच स्वाराने तिच्यावर तासाभरात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले आणि १९१४ पासून टिकलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही सायकल शर्यतींतून बाद केली. त्यामुळे ती मागे पडली आणि तिच्यासाठी तयार सामानही फारसे निघाले नाही. साध्या सायकलच्या पिशव्या तिला नीट बसत नाहीत. म्हणून तिचे हौशी स्वार सीटच्या मागे बसेल अशी पेटी घरीच करतात. दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात तो पन्हळी प्लास्टिकचा हलका ताव कापून, दुमडून, चिकटवून. या सायकलची बैठक ठेंगणी असल्यामुळे पेटीही जमिनीच्या जवळ राहते आणि वळणावर झोल जात नाही.

आपली सायकल उंच आहे, ती काही बदलता येत नाही. पण धडा घेता येतो. जड वस्तू पेटीच्या तळाशी आणि पुढच्या अंगाला ठेवावी. वजनकाटा, सुरी, पाण्याची बाटली या वस्तू मागे न ठेवता हँडलच्या पिशवीत टाकाव्यात. दोन-तीन किलो पुढे गेले की चढावर पुढचे चाक जमिनीला धरून राहते.

रस्त्यावरची काळजी

पेटी भरल्यावर मागच्या चाकात हवा नेहमीपेक्षा जास्त हवी. मागचा ब्रेक दर आठवड्याला तपासावा. उतारावर फक्त पुढचा ब्रेक दाबू नये, दोन्ही सारखे दाबावेत आणि उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा. पावसात रबर आणि रिम ओले असताना सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. ज्या उतारावर रिकामी सायकल धरवत नाही तिथे भरलेली सायकल उतरून हातात धरूनच न्यावी.

भरलेल्या सायकलला एका पायाचा बाजूचा स्टँड उपयोगाचा नाही. मागचे चाक उचलून धरणारा रुंद स्टँडच हवा. मातीत तो रुततो म्हणून पेटीला एक फळीचा तुकडा अडकवून ठेवावा आणि स्टँडखाली घालावा. पेटीच्या मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर लावायला विसरू नये. कॅरिअरवरची पेटी मडगार्डवरचा लाल दिवा झाकून टाकते आणि पहाटेच्या अंधारात मागच्या ट्रकवाल्याला सायकल दिसतच नाही.

रोज काम संपले की मासळीची पेटी साबणाच्या पाण्याने आतून घासून, झाकण उघडे ठेवून सुकवावी. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पेटी धुऊन कोरडी ठेवावी, स्क्रू आवळावेत आणि प्लायवूडच्या बाहेरच्या कडांना रंगाचा हात द्यावा. पाणी शिरते ते कडांतूनच. रिपांची पेटी त्या काळात पडवळ, दोडकी, काकडी, चिबूड यांसाठी वापरता येते.

ग्रामपंचायतीने आणि कार्यालयांनी

आता सायकल कोण वापरतो, असे काही जण म्हणतील. मासळीवाल्यांकडे मोटारसायकली आल्या हे खरे. पण ज्याच्याकडे भांडवल नाही त्याचा धंदा आजही सायकलपासूनच सुरू होतो. आणि मोटारसायकलवर तरी काय दिसते? बहुतेक ठिकाणी तीच उघडी क्रेट आणि तीच दोरी. वर सांगितलेला पाट आणि पेटी मोटारसायकलच्या कॅरिअरलाही मापे बदलून बसते.

शासनाने या गोष्टीची दखल घेतलेली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह सायकल हा स्वतंत्र घटक होता. त्याचा एकक खर्च १० हजार रुपये धरला होता. बर्फपेटीसह मोटारसायकलसाठी ७५ हजार आणि तीनचाकीसाठी ३ लाख रुपये. सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अर्थसाहाय्य अशी तरतूद होती. योजनेची मूळ मुदत २०२०-२१ ते २०२४-२५ अशी होती. पुढील अर्जांबाबत रत्नागिरीच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात चौकशी करावी. गावातल्या किती मासे विकणाऱ्या बायकांपर्यंत हा कागद पोहोचला, हे ग्रामसेवकांनी एकदा आपल्या गावात विचारून पाहावे.

अन्न सुरक्षा कायदा, २००६ नुसार फिरत्या मासळी विक्रेत्यालाही नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीची भीती अनेकांना वाटते. अशा वेळी ग्रामपंचायतीत एक दिवस बसून अर्ज भरून दिले तर मोठे काम होईल. त्याचबरोबर आठवडा बाजाराच्या जागी एक नळ, थोडी सावली आणि घाण पाणी वाहून जाईल असा उताराचा कट्टा एवढे करता येण्यासारखे आहे. पेटी कितीही चांगली असली तरी ती धुवायला पाणीच नसेल तर काय उपयोग?

शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. मासळी टिकवण्याचे शास्त्र तिथे शिकवले जाते. बचत गटातल्या मासळी विक्रेत्या महिला आणि गावातला सुतार अशा दोघांना एकत्र बोलावून एक दिवसाचे प्रात्यक्षिक घेतले तर गावागावांत अशा पेट्या तयार होतील. सुतारालाही पावसाळ्याच्या तोंडाशी काम मिळेल.

पेटीचा पहिला फेरा भरून काढू नये. गोणीत वीस किलो माती घालून ती पेटीत ठेवावी आणि आपल्या रोजच्या वाटेवरून एकदा जाऊन यावे. चढावर उतरून ढकलून पाहावे, उतारावर ब्रेक दाबून पाहावा, घरी येऊन नट पुन्हा आवळावेत. माती सांडली तर झाडून घेता येते. माझ्यासारखे हापूस सांडले, तर मग सुतारकाकांचे ऐकून घ्यावे लागते.